मलम सोडले तरी खाज सुटते: डायक्लोफेनॅकच्या संपर्क-ॲलर्जीचा माग कसा काढावा

तक्रार बहुधा अशी असते. गुडघ्याला किंवा कमरेला दुखण्याचे मलम लावले, की एक-दोन दिवसांनी त्या जागी खाज सुटते, बारीक पुरळ उठते आणि पुढे त्यातून पाणी झिरपते. मलम बंद करून डॉक्टरांनी दिलेले औषध लावले, की दोन-तीन आठवड्यांत कातडी निवळते आणि मागे काळसर डाग राहतो. मग चार-सहा महिने बरे जातात, आणि मलमाची ट्यूब घरातून केव्हाच गेलेली असताना एक दिवस तोच प्रकार पुन्हा उभा राहतो. कधी त्याच जागी, कधी बोटांच्या बेचक्यांत, तर कधी थेट पापण्यांवर. हे लिखाण या ‘पुन्हा’साठी आहे. पहिल्या वेळी काय करायचे ते कोणताही डॉक्टर सांगतो. परत परत का होते, हे मात्र बरेचसे आपले आपल्यालाच शोधावे लागते, कारण त्याची वाट आपल्या घरातून, शेतातून आणि गावच्या दवाखान्यातून जाते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. नोकरी शाळेची, आणि जोडीला वडिलार्जित चार एकर कोरडवाहू. मला डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची संपर्क-ॲलर्जी आहे, हे नक्की व्हायला दोन वर्षे आणि तीन फेऱ्या लागल्या. त्या तिन्ही फेऱ्या येथे थोड्या तपशिलाने सांगतो, कारण प्रत्येकीत मी वेगळ्या ठिकाणी चुकलो.

पहिली फेरी भाद्रपदातली. कपाशीवर फवारणी चालू होती आणि डावा गुडघा दुखत होता, म्हणून मी सकाळ-संध्याकाळ जेल चोळत होतो. आठ-नऊ दिवस काही झाले नाही, उलट आराम वाटत होता, आणि मग गुडघा खाजू लागला. घरात, पारावर, शाळेत सगळ्यांचे निदान एकच होते: फवारा लागला. 2017 मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून पावसाळ्याच्या अखेरीस अंगावर काहीही उठले तरी बोट आधी पंपाकडे जाते, आणि ते चूकही म्हणता येणार नाही. परंतु पंप पाठीवर असतो, तो गळला तर पाठ, कंबर आणि मांड्यांची मागची बाजू भिजते. माझी पाठ स्वच्छ होती. पुरळ फक्त डाव्या गुडघ्यावर होते, आणि वाटीच्या वरच्या बाजूला त्याची कड पाहिली तर ती तळहाताच्या रुंदीची होती. चोळताना हात जेथपर्यंत वर जात असे, बरोबर तेथपर्यंत. ही खूण माझ्या डोळ्यांसमोर होती, पण मी ती वाचली नाही. औषधाच्या दुकानात गेल्यावर दुकानदाराने दुसरी ट्यूब पुढे केली आणि सांगितले, “गुरुजी, हे दुसऱ्या कंपनीचं हाय, याच्यानं काई होत नाई.” कंपनी दुसरी होती, आतले औषध तेच होते. पुढचे तीन आठवडे पायजमा गुडघ्याला चिकटत होता.

दुसरी फेरी त्याच हिवाळ्यातली. तुरीचे पोते उचलताना कंबर धरली आणि मी गावातल्या दवाखान्यात जाऊन सुई घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कमरेला बरे वाटत होते, पण गुडघ्यावरचा जुना डाग लाल झाला आणि खाजू लागला, जेथे तीन महिन्यांत पाण्याखेरीज काहीही लागले नव्हते. सुई डायक्लोफेनॅकची होती. देणाऱ्यांचा दोष नाही. त्यांनी कशाची ॲलर्जी आहे का म्हणून विचारले होते, आणि मी नाही म्हणालो होतो, कारण मलमाने उठलेले पुरळ म्हणजे ‘औषधाची ॲलर्जी’ असे माझ्या मनातच आले नव्हते. ही समजूत सर्वत्र आहे आणि या सगळ्या प्रकरणात तीच सर्वांत जास्त त्रास देते.

तिसऱ्या फेरीत मी स्वतःला काहीच लावले नव्हते. आईची कंबर दुखत होती. ती म्हणाली, “बापू, थोडसं मलम चोळून दे, कंबर लय दुखून रायली.” दोन रात्री मी तिला चोळून दिले, हात धोतराच्या फडक्याला पुसले आणि झोपलो. तिसऱ्या दिवशी उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत पाण्याचे बारीक फोड आले, आणि सकाळी आरशात पाहिले तर उजवी पापणी इतकी सुजली होती की डोळा अर्धाच उघडत होता. आईच्या कमरेला मात्र काहीही झाले नव्हते. तेच मलम, तेच दोन दिवस; तिला आराम आणि मला फोड. त्या दिवशी हे मलम ‘खराब’ नाही, ते मला चालत नाही, एवढे तरी कळले.

हे असे उशिरा का होते

आपल्याकडे हे समजावून सांगायला बिबा पुरेसा आहे. बिब्याचे तेल एकाच्या टाचेला लावले तर नुसता काळा ठिपका राहतो आणि दुसऱ्याला तो उततो, अंगभर खाज सुटते. शिवाय उततो तो लगेच नव्हे, एक-दोन दिवसांनी. पूर्वी धोबी कपड्यांवर बिब्याने खूण करीत, आणि त्या खुणेच्या जागी मानेवर पुरळ उठत असे, याची नोंद त्वचारोगाच्या पुस्तकांत आहे. बिब्याचे तेल मुळातच दाहक असल्यामुळे तो काहीसा टोकाचा दाखला झाला, पण घडण तीच.

संपर्क-ॲलर्जीत शरीरातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, त्या पदार्थाला आधी ओळखून ठेवतात. या पहिल्या ओळखीला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, आणि त्या काळात कातडीवर काहीही दिसत नाही. काहींची ही ओळख तर वर्षानुवर्षे सुखाने मलम वापरल्यानंतर होते. म्हणूनच “मी हे इतकी वर्षे लावतो, आजच कसे होईल?” हा प्रश्न बिनतोड वाटला तरी त्यात काही अर्थ नाही. एकदा ओळख पटली, की पुढच्या प्रत्येक स्पर्शानंतर 24 ते 72 तासांत पुरळ उठते. हा दोन दिवसांचा उशीर आपल्याला फसवतो. बुधवारी खाज सुटली की माणूस बुधवारचे जेवण, बुधवारचा साबण आणि बुधवारचे शेतकाम आठवतो. सोमवारी रात्री कोणाच्या पाठीला काय चोळले, हे त्याला आठवत नाही. ही ओळख सहसा पुसली जात नाही. ती बरीच वर्षे, बहुधा जन्मभर राहते, हे धरूनच पुढची व्यवस्था करावी लागते.

मलमच आहे, की दुसरे काही

मलम लावताच काही मिनिटांत आग होणे, आणि धुतल्यावर तासाभरात थांबणे, ही ॲलर्जी नव्हे. मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट ज्या मलमांत असतात त्यांत थंडावा आणि ऊब ही मुद्दामच आणलेली असते, आणि काहींत मिरचीतले कॅप्सेसिनही असते. असे मलम लावून त्यावर गरम शेक घेतला, किंवा घट्ट पट्टी बांधली, तर कातडी सरळ भाजते. ते भाजणे पट्टीखालच्या जागेपुरते राहते आणि आग जास्त, खाज कमी असते. ॲलर्जीत याच्या उलट असते: खाज आधी आणि जबर, पुरळ उशिरा, आणि चार दिवसांनी ते लावलेल्या जागेच्या बाहेर सरकू लागते.

आपल्या भागात आणखी एका गोष्टीशी गल्लत होते, ती म्हणजे गाजरगवत, ज्याला कोणी काँग्रेस गवत म्हणतात. 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसलेले हे गवत आज विदर्भातल्या प्रत्येक धुऱ्यावर आहे, आणि त्याची ॲलर्जीही संपर्काचीच आहे. मात्र तिची जागा वेगळी असते. चेहरा, मान, कोपराचा आणि गुडघ्यामागचा लवता भाग, म्हणजे जेथे वाऱ्याने उडालेले कण आणि घाम साचतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला एकट्या एका पायावर चकती उठली असेल, तर गवताचा संशय मागे ठेवावा.

गुडघ्याला लवचिक टोपी किंवा कमरेला पट्टा वापरत असाल तर एकदा त्याच्या कडांखाली पाहावे. रबरात घातलेल्या रसायनांची ॲलर्जी असली तर पुरळ पट्ट्याच्या कडेने रेघेसारखे उठते. दुखण्यावर चिकटवायच्या पट्ट्यांच्या डिंकात राळ असू शकते, आणि राळेची ॲलर्जी असलेल्याला पट्टीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उठतो. आणि घरात कोणी विचारणार नसेल तर आपणच विचारावे: कोणी बिबा लावून दिला आहे का? आजी लावते आणि डॉक्टरांना सांगायचे नाही म्हणून बजावते, हे मी दोनदा पाहिले आहे.

उन्हाचा प्रश्न वेगळा आणि विदर्भात मोठा आहे. किटोप्रोफेन नावाचे वेदनाशामक जेलमध्ये असेल, तर काहींना ते सावलीत काहीच करीत नाही आणि ऊन लागताच पेटते. युरोपच्या औषध नियामकाने 2010 मध्ये याचा आढावा घेऊन सांगितले, की हे जेल वापरत असताना आणि बंद केल्यावरही दोन आठवडे ती जागा उन्हापासून झाकावी, कारण औषध कातडीत उरते. पिरॉक्सिकॅम या दुसऱ्या वेदनाशामकाच्या बाबतीतही उन्हाने पुरळ उठण्याच्या नोंदी आहेत. ज्याला किटोप्रोफेनची अशी ॲलर्जी झाली, त्याला कोलेस्टेरॉलसाठी दिले जाणारे फेनोफायब्रेट आणि काही सनस्क्रीनमधले घटकही उन्हात त्रास देऊ शकतात. तेव्हा पुरळ पायजम्याखाली नसून फक्त उघड्या भागावर असेल, आणि लावणे थांबवून आठवडा झाल्यावर शेतात गेल्या दिवशी उठले असेल, तर ट्यूबवर ‘किटोप्रोफेन’ शोधावे आणि डॉक्टरांना ‘ऊन’ हा शब्द आवर्जून सांगावा.

ट्यूब वाचणे

येथे घाई करू नये. ट्यूब उजेडात धरावी, चष्मा लावावा, नाही तर मोबाइलने फोटो काढून मोठा करावा, आणि पुढच्या मोठ्या नावाकडे दुर्लक्ष करून मागची बारीक अक्षरे वाचावी. बहुतेक ट्यूबांवर ती इंग्रजीतच असतात. घरात दहावीतले पोर असेल तर त्याला बसवावे. आपल्याकडच्या अनेक जेलांत मिळणारी घडण साधारण अशी असते: डायक्लोफेनॅक डायइथिलअमाइन 1.16 टक्के, जवसाचे तेल 3 टक्के, मिथाइल सॅलिसिलेट 10 टक्के, मेन्थॉल 5 टक्के. यातले 1.16 हा आकडा विचित्र वाटतो. तो सोडियमच्या रूपातल्या 1 टक्का डायक्लोफेनॅकइतका भरतो, म्हणून तसा आहे. जवसाचे तेल म्हणजे आपल्या चटणीतल्या जवसाचेच, पण म्हणून त्यावर विश्वास टाकून बाकीचे वाचायचे सोडू नये.

एका ट्यूबमध्ये चार-पाच संशयित असतात, हे ध्यानात ठेवावे. मला जेव्हा पहिल्यांदा संशय आला तेव्हा मी ‘दुखण्याचे मलम’ अशी एकच नोंद केली होती, आणि ती निरुपयोगी ठरली. ज्या वस्तूने त्रास झाला आणि ज्या वस्तूने झाला नाही, अशा दोन्हींचे घटक शेजारी शेजारी लिहिल्यावर चित्र उघडते. माझ्या वहीत डावीकडे दोन जेल आणि एक सुई होती, उजवीकडे डोके दुखल्यावर लावायचा बाम. बाममध्ये मेन्थॉल, कापूर आणि मिथाइल सॅलिसिलेट होते आणि त्याने मला कधी काही झाले नव्हते. डावीकडच्या तिन्हींत सामाईक असलेला आणि उजवीकडे नसलेला घटक एकच उरला. हा पुरावा नव्हे, पण डॉक्टरांपुढे ठेवायला चांगला कागद आहे.

एक अडचण राहते. आपल्याकडच्या औषधी ट्यूबांवर काम करणारे घटक मात्रेसह छापलेले असतात, पण ज्यात ते कालवले आहेत त्या माध्यमाबद्दल बऱ्याचदा ‘जेल बेस, आवश्यक तेवढा’ एवढेच लिहिलेले असते. त्या माध्यमात प्रॉपिलीन ग्लायकॉल, सुगंध किंवा टिकवण्याचे रसायन असते, आणि त्यांचीही ॲलर्जी होते. दोन वेगळ्या औषधांची जेले लावून दोन्हींनी उठले असेल, तर संशय माध्यमाकडे वळवावा. प्रॉपिलीन ग्लायकॉल खाजेवरच्या काही क्रीममध्येही असते, त्यामुळे उपचाराने पुरळ वाढते आहे असा विचित्र अनुभव आला तर तो भ्रम समजू नये.

आठवडी बाजारात पाठ आणि सांधे यांच्या दुखण्याचे जे तेल बाटलीतून विकतात, त्यावर अनेकदा काहीच छापलेले नसते. छापलेले असले तर ‘गंधपुरा तेल’ हा शब्द ओळखून ठेवावा, कारण त्यातला मुख्य भाग मिथाइल सॅलिसिलेटच असतो. ‘आयुर्वेदिक आहे, केमिकल नाही’ हे वाक्य मिथाइल सॅलिसिलेटची ॲलर्जी असलेल्याच्या कातडीला कळत नाही. टर्पेंटाइनचीही अशीच गोष्ट आहे. माझा स्वतःचा नियम असा, की ज्यावर घटक लिहिलेले नाहीत ते माझ्या अंगाला लागत नाही, मग विकणारा कितीही गोड बोलो.

पॅच टेस्ट

वहीतला संशय पक्का करायचा तर पॅच टेस्ट करावी लागते. ती रक्ताची तपासणी नव्हे, आणि हातावर सुई टोचून वीस मिनिटांत पाहायची तपासणीही नव्हे. त्या दोन्ही तपासण्या वेगळ्या प्रकारच्या ॲलर्जीसाठी असतात. रक्त देऊन ‘ॲलर्जीचे पॅकेज’ करून आणलेला कागद या प्रश्नाचे उत्तर देत नाही. पॅच टेस्टमध्ये छोट्या चकत्यांत संशयित पदार्थ भरून त्या पाठीवर चिकटवतात, 48 तासांनी काढून पहिल्यांदा पाहतात आणि 72 किंवा 96 तासांनी पुन्हा पाहतात; काही पदार्थांसाठी सातव्या दिवशीही पाहावे लागते. उन्हाचा संशय असेल तर चकत्यांचे दोन संच लावून एकावर अतिनील प्रकाश देतात.

म्हणजे खेड्यातल्या माणसाला तीन फेऱ्या. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे त्वचारोग विभाग आहेत; निघण्यापूर्वी ही टेस्ट तेथे कोणत्या दिवशी लावतात हे विचारून घ्यावे, नाही तर एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी फुकट जाते. सोमवारी लावली तर बुधवारी काढतात आणि गुरुवारी किंवा शुक्रवारी शेवटचे वाचन होते. मी सोमवार ते शुक्रवार मावशीकडे मुक्काम केला आणि चार दिवस पाठीवर पाणी घेतले नाही.

ऋतू निवडावा. एप्रिल-मे महिन्यांत, पारा 45 अंशांकडे जात असताना, घामाने चकत्या सुटतात आणि सगळे वाया जाते. डिसेंबर-जानेवारी सर्वांत चांगले, पण तेव्हा वेचणी असते. पाठीवर ओझे घेता येत नाही, वाकून काम करता येत नाही, आणि हे घरच्यांना आधी सांगावे लागते. उघड्या पाठीने शेतात राबून पाठ उन्हाने करपली असेल तर टेस्ट पुढे ढकलावी. अंगावरचे पुरळ पूर्ण निवळल्याखेरीज, किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना टेस्ट खरी बोलत नाही. गोळ्या कोणत्या चालू आहेत ते डॉक्टरांना दाखवावे, आपल्या मनाने बंद करू नयेत.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे घरातल्या सर्व ट्यूबा, बाटल्या, बाम आणि गुडघ्याची टोपीसुद्धा पिशवीत घालून न्यावी. नेहमीच्या तयार संचात निकेल, केसांच्या कलपातले पीपीडी, गाजरगवत, निओमायसिन यांसारखे पदार्थ असतात. वेदनाशामक असेलच असे नाही. आपण वस्तू नेली तर डॉक्टर ती वस्तूच चकतीत भरून पाहू शकतात. माझ्या पाठीवर शुक्रवारी दोन ठिकाणी लाल, टणक, खाजरे ठिपके होते: एक जेलचा आणि एक डायक्लोफेनॅकचा. बाम आणि जवसाचे तेल निर्दोष सुटले. चटणीची चिंता मिटली.

परत येण्याच्या वाटा

टेस्ट झाली म्हणजे काम संपले असे मला वाटले होते. खरे काम तेथून सुरू झाले, कारण आता त्या एका नावाला घरभर शोधायचे होते.

सर्वांत मोठी वाट दुसऱ्याच्या मलमाची. घरात आई ते लावणार, आणि तिने का लावू नये? आमच्याकडे आता तिला सौ. लावून देते आणि नंतर साबणाने हात धुते, कारण तेच बोट माझ्या ताटाला, टॉवेलला किंवा नातवाच्या गालाला लागते. फडक्याला हात पुसणे म्हणजे धुणे नव्हे. पापणीची कातडी फार पातळ असते, आणि बोटाच्या जाड कातडीला जे लागलेले कळत नाही, ते डोळा चोळताच पापणीला कळते; म्हणून पापणी सुजली तर डोळ्यात काय गेले यापेक्षा बोटांना काय लागले होते हे आधी आठवावे. माझा टॉवेल आणि उशीची खोळ वेगळी आहे. जुनी गुडघ्याची टोपी मी फेकून दिली, कारण तीत जेल जिरले होते.

दुसरी वाट पोटातली आणि सुईची. कातडीतून जडलेली ॲलर्जी तेच औषध गोळी किंवा सुईने गेल्यावर जुन्या जागी, किंवा अंगभर, उठू शकते. दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटे एका नावाची नसतात. डायक्लोफेनॅकबरोबर पॅरासिटामॉल, सेराटिओपेप्टिडेज किंवा क्लोरझोक्झाझोन जोडलेले असते, आणि पाकिटाच्या मोठ्या नावात डायक्लोफेनॅक कोठेच दिसत नाही. एसिक्लोफेनॅक हे त्याचे जवळचे भावंड आहे, शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग डायक्लोफेनॅकच होतो, आणि आपल्याकडे कंबर-गुडघ्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत तेच असते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याखेरीज दोन्ही टाळावीत. सोडियम, पोटॅशियम, डायइथिलअमाइन ही मागची नावे बदलली तरी पुढचे नाव तेच असल्यास औषध तेच.

तिसरी वाट कोणाच्या ध्यानात येत नाही, ती डोळ्यांची. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सूज उतरावी म्हणून जे थेंब देतात, त्यांत काही वेळा डायक्लोफेनॅक असते. शिबिरात एका दिवसात अनेकांच्या शस्त्रक्रिया होतात आणि थेंबांची बाटली सगळ्यांना सारखीच मिळते. ज्याला ही ॲलर्जी आहे त्याने नाव नोंदवतानाच सांगावे, पर्याय असतात. गुदद्वारातून द्यायच्या वेदनाशामक बत्तीतही हेच औषध असू शकते, हे बाळंतपणासाठी जाणाऱ्या लेकी-सुनांना सांगून ठेवावे.

उठलेच, तर

लावलेली जागा साबण आणि साध्या पाण्याने एकदा धुवावी, घासू नये. पाणी सुटत असेल तर थंड पाण्यात भिजवलेले स्वच्छ सुती फडके दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावे. जागा कोरडी झाली की नुसते व्हॅसलीन किंवा खोबरेल. हळद, चुना, कडुनिंबाचा कच्चा रस, जंतुनाशक द्रव यांपैकी काहीही त्यावर घालू नये. फाटलेल्या कातडीवर हे सारे भाजते. सेटिरिझिन या ॲलर्जीवरच्या गोळीने झोप लागते, खाज थोडी सोसवते, पुरळ मात्र तिने जात नाही.

त्यावर खरे चालते ते योग्य ताकदीचे स्टेरॉइड मलम, ठरावीक दिवस, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. येथे एक सावधगिरी कळकळीने सांगतो. दुकानात ‘खाजेचे मलम’ मागितले की तीन औषधांचे मिश्रण हाती येते: तीव्र स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि एखादे प्रतिजैविक, बहुधा निओमायसिन किंवा जेंटामायसिन. निओमायसिन स्वतःच संपर्क-ॲलर्जीचे नेहमीचे कारण आहे. शिवाय तीव्र स्टेरॉइड जांघेत, चेहऱ्यावर, आठवडेच्या आठवडे लावले गेले की कातडी पातळ होते आणि गजकर्ण असेल तर ते लपून पसरते. 2018 मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशी तजवीज केली ती याच कारणाने. चिठ्ठी न मागणारे दुकान ही सोय समजू नये.

ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वास लागणे, ताप येऊन अंगभर फोड उठणे, तोंडात किंवा डोळ्यांत व्रण होणे, यांपैकी काही दिसले तर ते या लिखाणातले दुखणे नव्हे. 108 ला फोन करून दवाखाना गाठावा. पुरळात पू धरला, लाली वर चढू लागली, किंवा मधुमेह असलेल्याच्या पायावर हे झाले, तरी थांबू नये.

आणि दुखणे?

गुडघा दुखायचा थांबत नाही, हे कोणी लिहीत नाही. माझ्यापुरते सांगतो. पॅरासिटामॉल वेगळ्या कुळातले आहे आणि मला चालते. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेतच घेतो. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधून शेक घेतो, तो ऊब टिकते म्हणून. पाल्याऐवजी वाळूची पोटली असली तरी तेवढेच काम होते. ज्यांच्या तळपायाची जाणीव मधुमेहाने कमी झाली आहे त्यांनी शेकाची उष्णता दुसऱ्याच्या हाताने पाहावी. मांडीच्या पुढच्या स्नायूचा साधा व्यायाम, पाटावर बसून पाय सरळ उचलून दहा मोजणे, हा मलमापेक्षा जास्त उपयोगी पडला, फक्त त्याचा गुण यायला दीड महिना लागला.

नवीन कोणतेही लावायचे औषध घेतले तर ते एकदम गुडघ्याला लावत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा, सात दिवस लावतो; काही उठले तर तेथेच थांबतो. ज्याने आधी पुरळ उठले आहे अशा वस्तूवर हा प्रयोग करू नये, आणि ज्याला मागे मोठा त्रास झाला त्याने घरी करूच नये.

पाकिटात एक कार्ड ठेवले आहे, दवाखान्याच्या जुन्या केसपेपरच्या जाड पाठीवर बॉलपेनने लिहिलेले: ‘डायक्लोफेनॅकची ॲलर्जी, पॅच टेस्टने सिद्ध. गोळी, सुई, मलम, डोळ्यांचे थेंब देऊ नये. एसिक्लोफेनॅक नको. पॅरासिटामॉल चालते.’ मराठीत एकदा आणि इंग्रजीत एकदा. हेच मोबाइलच्या मागच्या कव्हरात आणि आईच्या पोथीतही आहे, कारण मला बोलता येणार नाही अशा वेळी माझ्याबद्दल बोलायला तीच पुढे असेल. गेल्या वेचणीच्या दिवसांत खांदा धरला तेव्हा गावच्या डॉक्टरांनी सुई भरण्याआधी ते कार्ड वाचले, भरायला घेतलेली कुपी परत डब्यात ठेवली आणि दुसरी काढली. त्या रात्री आणि त्यानंतरच्या चार रात्री मी गुडघ्यावरचा डाग कंदिलासारखा मोबाइल धरून पाहत होतो. तो काळाच होता.